श्वानबलि आणि श्वानपथ्य

पाळलेल्या कुत्र्याला खावयास काय घालावें हा प्रश्न आपल्याकडील गृहस्थाला सहसा पडत नाहीं. घरांत शिजलें, माणसांनीं खाल्लें, त्यांतून उरलें तें कुत्र्याचें, हा नियम इतका जुना आहे कीं तो नियम आहे हेंसुद्धां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रश्न पडतो तो कुत्रें आजारी पडल्यावर. आणि तेंही एखाद्या दिवसाच्या अजीर्णानें नव्हे, तर महिनेच्या महिने पोटानें बिघडलेलें राहिलें म्हणजे. खातें पण अंगीं लागत नाहीं, आठवड्यांतून दोन वेळां ओकतें, शौचास पातळ होतें, बरगड्या दिसूं लागतात. माणसाला असें झालें तर वैद्य त्यास ग्रहणी म्हणतो आणि औषधाच्या पुडीबरोबर पथ्य सांगतो. कुत्र्यालाही पथ्य असूं शकतें ही कल्पना मात्र आपल्या समाजांत फार उशिरां आली. ती उशिरां कां आली आणि कोणत्या वाटेनें आली, तें येथें पाहावयाचें आहे.

हा विचार पेण व रोहा या दोन तालुक्यांकडे नजर ठेवून करण्याचें कारण असें कीं, तेथें कुत्र्याचें अन्न उर्वरित महाराष्ट्राहून वेगळें आहे. घाटावर कुत्र्यापुढें पडते ती ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वींचा कुलाबा, हा भाताचा मुलूख. येथील भाकरीसुद्धां तांदळाच्या पिठाची; डोंगराकडील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर नाचणीची. भोगावती आणि कुंडलिका या नद्या जेथें खाडीच्या पाण्याला मिळतात त्या बाजूस बांध घालून समुद्रापासून राखलेल्या खारजमिनी आहेत. त्या खारेपाटांत कुत्र्याचा वांटा म्हणजे पेजेच्या तळाचीं शितें, शिळ्या भाकरीचा तुकडा, एखाद्या मोठ्या जेवणाच्या दिवशीं जिताड्याचें डोकें, एरवीं सुक्या बोंबलाचीं शेपटें आणि कालवणाचें खरकटें. यांत एक गंमत आहे. दुखऱ्या पोटाला मानवणाऱ्या धान्यांत मऊ शिजलेल्या तांदळाचा क्रम वरचा लागतो. आणि दुखरें पोट अधिक दुखवील असें तिखट, खारट, तेलकट कालवणही त्याच थाळींत असतें. पथ्य आणि कुपथ्य हीं दोन्ही येथल्या कुत्र्यानें एकाच भांड्यांतून खाल्लीं.

प्राचीन वाङ्मयांत कुत्रें अन्नाच्या संदर्भांत वारंवार येतें. छांदोग्योपनिषदाच्या पहिल्या अध्यायांत कुत्र्यांचा उद्गीथ आहे. भुकेलीं कुत्रीं एका पांढऱ्या कुत्र्याभोंवतीं जमतात, आमच्यासाठीं गाऊन अन्न मिळवून दे अशी त्याला विनवणी करतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ऋत्विजांप्रमाणें एकमेकांस धरून चालूं लागतात. महाभारताच्या आदिपर्वांत, अगदीं आरंभाजवळ, जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिल्लू येतें आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातें. सरमा येऊन विचारते कीं, माझ्या मुलानें हवि चाटला नाहीं, त्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं, मग त्याला कां मारलें? उत्तर कोणी देत नाहीं. शाप मात्र मिळतो. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबरठ्यावर अन्नाला तोंड लावल्याचा एक खोटा आळ कुत्र्यावर यावा, हें आम्हांस नेहमीं अर्थपूर्ण वाटत आलें आहे. तथापि या दोन्ही कथांतील कुत्र्यांना भूक आहे, पोट नाहीं.

धर्मशास्त्रानें ही भूक मान्य केली. पंचमहायज्ञांपैकीं भूतयज्ञांत गृहस्थानें कांहीं अन्न जमिनीवर ठेवावें असें सांगितलें आहे, आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत त्याचे अधिकारी दिले आहेत: कुत्रीं, पतित, चांडाळ, पापरोगी, कावळे आणि कृमि. श्राद्धाच्या दिवशीं काकबलि व गोग्रास यांच्याबरोबर कुत्र्याचाही घांस काढावयाचा, कारण यमाच्या वाटेवर श्याम आणि शबल हीं दोन कुत्रीं बसलेलीं आहेत व तो त्यांना पोंचतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. चाल दयेची आहे यांत शंका नाहीं, आणि तिच्या आधारानें गांवोगांवचीं असंख्य कुत्रीं जगलीं. परंतु हा घांस देणाऱ्याच्या ऋणमुक्तीसाठीं आहे. तो कोणी खाल्ला, त्याला तो पचला कीं नाहीं, याची विचारपूस विधींत नाहीं. मनूच्या त्या यादींत कुत्र्याच्या पंक्तीला माणसें बसविलेलीं आहेत हेंही वाचकांच्या नजरेंतून सुटूं नये. याच कुलाबा जिल्ह्यांत, महाडच्या चवदार तळ्यावर, मार्च १९२७ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला तो ज्या पाण्यासाठीं, तें पाणी गुराढोरांना मोकळें आणि माणसांना बंद होतें. पुण्याकरितां टाकलेला घांस घेणाऱ्याकडे न पाहतां टाकतां येतो, मग घेणारें कुत्रें असो वा माणूस.

याहून निराळी दृष्टि एका रूक्ष ग्रंथांत आढळते. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्षाचें प्रकरण आहे. राजाच्या कोठारांतून कोणाला किती द्यावें याचा तेथें हिशेब आहे. मोठ्या जनावरांची वांटणी झाल्यावर कुत्र्याचें नांव येतें, आणि त्याला एक प्रस्थ ओदन, म्हणजे शिजलेला भात, नेमून दिलेला आहे. हंस, क्रौंच आणि मोर यांना त्याच्या निम्मा. पुण्यपापाचा येथें प्रश्नच नाहीं. कुत्रा कामाचा आहे, त्याला इतकें लागतें, इतकें द्यावें. कोरड्या हिशेबाच्या या शब्दांत भूतदयेचा लवलेश नाहीं, पण खाणाऱ्याच्या पोटाचें माप आहे. आणि तें माप भाताचें आहे, हें पेण-रोह्याच्या माणसाला विशेष जवळचें वाटावें.

पुढें मात्र हें माप वाढलें नाहीं. हत्तीसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद झाला, घोड्यासाठीं शालिहोत्राची परंपरा झाली. त्यांत रोग आले, औषधें आलीं, आहारही आला. कुत्र्याच्या वाट्याला तेवढें मोठें शास्त्र आलें नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लास रचिला, त्यांत सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांचें प्रकरण आहे. पण नांवाप्रमाणेंच तो राजाचा विनोद आहे. मराठी राजेरजवाड्यांना कुत्र्यांचें प्रेम नव्हतें असें मुळींच नाहीं. मुधोळच्या घोरपड्यांनीं शिकारी कुत्र्यांची एक नामांकित जात जोपासली. सातारजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात. ज्या गडावरून जिल्ह्याला आजचें नांव मिळालें त्या रायगडावर वाघ्याचें स्मारक १९३६ सालीं उभें राहिलें. त्याची कथा इतिहास कीं आख्यायिका, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. या स्मारकांवरून कुत्र्यांची निष्ठा कळते. तीं काय खात होतीं हें कळत नाहीं.

ज्या समाजानें हा विचार धर्माच्या पातळीवर केला तो आपल्या शेजारचाच, पारशांचा. त्यांच्या वेंदिदाद या अवेस्ती ग्रंथाच्या तेराव्या व पंधराव्या प्रकरणांत कुत्र्याविषयीं जें आहे तें वाचून आजच्या पशुवैद्यानेंही मान डोलवावी. तेराव्यांत कुत्र्याचें योग्य अन्न कोणतें तें सांगितलें आहे: दूध, चरबी आणि मांस. पंधराव्यांत मोठ्या पातकांची गणना करतांना, धनगराच्या किंवा घरच्या कुत्र्याला फार कठीण हाड अथवा फार ऊन अन्न देणें हें एक पातक म्हणून मोजलें आहे, आणि कारणही दिलें आहे: हाड दांतांत अडकेल किंवा घशांत बसेल, ऊन अन्नानें तोंड व जीभ भाजेल. नीतीचा हा प्रकार आपल्या श्वानबलीहून अगदीं वेगळा. येथें दिलेल्या घांसाचें पुढें काय झालें याची जबाबदारी देणाऱ्यावर टाकलेली आहे. ग्रंथांतील शिक्षा आज कोणी शब्दशः घेणार नाहीं. परंतु शिजविलेल्या कोंबडीचें हाड कुत्र्याला घालूं नका असें डॉक्टर सांगतो तेव्हां तो जाणतां-अजाणतां याच परंपरेंत बोलत असतो.

पारशांची ही वृत्ति पुस्तकांत राहिली नाहीं. जून १८३२ मध्यें मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगा उसळला, त्यांत पारशी पुढें होते आणि हिंदु व जैन व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवून त्यांना साथ दिली. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ निघाली. हीसुद्धां खरें पाहतां पुण्याचीच जागा. जनावराला मरूं द्यावयाचें नाहीं एवढाच तिचा हेतु. खरा पालट झाला तो १८८३ च्या सुमारास, जेव्हां सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून परळ येथें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. आणि त्याच आवारांत १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. जगविण्यापलीकडे जाऊन बरें करण्याची संस्था आपल्या बाजूला आली ती येथें. मात्र त्या काळीं या शिक्षणाचा मुख्य रोख घोडे आणि गुरें यांवर होता. धरमतरच्या खाडींतून मुंबईस येणाऱ्या कुलाब्याच्या शेतकऱ्यालाही बैलाचीच काळजी होती. कुत्र्यासाठीं मचव्यांत बसण्याचें त्याच्या मनांत आलें नसावें, आणि त्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं.

याच सुमारास हजारों कोसांवर, रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें, कुत्र्याच्या पोटाचा इतका बारीक अभ्यास चालला होता कीं तसा पूर्वीं कोणत्याच प्राण्याच्या पोटाचा झाला नव्हता. इव्हान पाव्हलोव्ह हें नांव आपल्या वाचकांस घंटा आणि लाळ यांमुळें ठाऊक असतें. पण १९०४ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेच्या संशोधनासाठीं. शस्त्रक्रियेनें कुत्र्याच्या जठराचा एक लहान कप्पा वेगळा करून त्याचें तोंड बाहेर आणावयाचें, आणि कुत्रें जिवंत, हिंडतें-फिरतें असतांना त्यांतून पाझरणारा रस मोजावयाचा, अशी त्याची पद्धति. त्यांतून दिसलें तें असें: मांस, पाव आणि दूध या तीन अन्नांवर एकच रस सुटत नाहीं. मांसावर सुटणारा रस अधिक आम्ल, पावावरचा आम्लतेंत कमी पण पाचक शक्तींत सर्वांहून तीव्र. शिवाय अन्न पोटांत पोंचण्यापूर्वींच, केवळ रुचीनें, रस वाहूं लागतो. इच्छा नसतां अन्न पोटांत गेलें तर तें बराच वेळ तसेंच पडून राहतें. आपल्या वैद्यकांतील जठराग्नीची कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें मोजमापाचें.

या प्रयोगशाळेची एक हकीकत आमच्या मतें फार बोलकी आहे. कुत्र्यांच्या जठरांतून काढलेला शुद्ध रस बाटल्यांत भरून अजीर्णाच्या रोग्यांना औषध म्हणून विकला जात असे आणि त्या विक्रीवर प्रयोगशाळेच्या खर्चाचा कांहीं भार निघत असे. म्हणजे माणसाचें अपचन कुत्र्याच्या पोटानें बरें करण्याचा धंदा चालू होता, आणि कुत्र्याच्या स्वतःच्या अपचनाला अजून कोठें दवाखाना नीट लाभला नव्हता.

पुढील प्रकरण तर आपल्या भाकरीपर्यंत येऊन पोंचतें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नांवाचा रोग होई: कातडी काळवंडे, जुलाब लागत, बुद्धि भ्रमे. जोसेफ गोल्डबर्गर व त्याचे सहकारी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं तशाच निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ नांवाचा रोग होतो. तोंड सोलवटतें, लाळ गळते, रक्तमिश्रित हगवण लागते, आणि मूळ दोष दोघांचाही एकच. १९३७ सालीं विस्कॉन्सिन येथें कॉनराड एल्वेहेम यानें निकोटिनिक आम्ल देऊन अशीं कुत्रीं बरीं केलीं, व त्या एका शोधानें माणसांचा पेलाग्राही आटोक्यांत आला. हा रोग दख्खनांतही होता, परंतु मका न खाणाऱ्या, ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांत. हैदराबादच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेंत डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० पासून याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. ज्वारींतील ल्यूसीन या अंशाचें आधिक्य त्यास कारण असावें असा त्यांचा तर्क होता. तो पुढें वादग्रस्त ठरला. परंतु ज्वारीच्या अन्नावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते हें त्यांच्या प्रयोगांत १९६५ पर्यंत दिसून आलें होतें. म्हणजे घाटावरच्या दारांतलें कुत्रें शतकानुशतकें जी भाकरी खात आलें, तिच्यांतील उणीव काय आहे हें प्रयोगशाळेंत कुत्र्याला तीच भाकरी घालून कळलें. कळलें तें माणसांच्या उपयोगासाठीं. दारांतल्या कुत्र्याला त्याची वार्ता नव्हती.

तयार श्वानान्नाचा इतिहास तुलनेनें रुक्ष आहे, तो थोडक्यांत सांगतों. १८६० च्या सुमारास लंडनांत जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थानें कुत्र्यांचीं बिस्किटें विकावयास काढलीं, आणि श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांमुळें तीं खपलीं. अन्नालाच औषध मानून खास डबाबंद अन्न बनविण्याची चाल अमेरिकेंतील पशुवैद्य मार्क मॉरिस यानें पाडली. त्याचा आरंभ मूत्रपिंडाच्या विकारापासून झाला व १९४८ पासून तें अन्न कारखान्यांत तयार होऊं लागलें. पोटाच्या विकारांचीं अन्नें मागाहून आलीं. आज तीं पेण-रोह्यालाही मागवून मिळतात. किंमत मात्र पाहिली कीं सामान्य गृहस्थ पुन्हां भाताकडे वळतो.

आणि भाताकडे वळण्यांत त्याचें फारसें चुकत नाहीं. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हां त्याला मांसाशिवाय दुसरें कांहीं घालणें अनैसर्गिक, असें मत अलीकडे बरेंच ऐकूं येतें. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील एरिक अ‍ॅक्सेलसन व त्याच्या सहकाऱ्यांनीं लांडगे आणि कुत्रीं यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचविणारा जो रस स्वादुपिंडांतून येतो त्याच्या जनुकाच्या लांडग्यांत दोन प्रती आढळल्या. कुत्र्यांत चारापासून तिसापर्यंत. माणूस शेती करूं लागला, त्याच्या उकिरड्यावर जगतां जगतां कुत्र्याचें पोटच पालटलें, असा त्याचा अर्थ लावला जातो. कौटिल्याचा प्रस्थभर ओदन आणि खारेपाटांतली पेज यांना अशी अनपेक्षित साक्ष मिळाली. कुत्र्याला शिजविलेला भात पचतो. मात्र नुसता भात पुरत नाहीं, ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी.

आतां प्रत्यक्ष उपचाराकडे येऊं. तीन आठवड्यांहून अधिक काळ ओकारी, पातळ शौच किंवा वजनाची घट चालू राहिली म्हणजे पशुवैद्य त्यास जुनाट विकार समजतो. प्रथम शौचाची तपासणी. कारण आपल्या दमट हवेंत अंकुशकृमि, चाबूककृमि, जिआर्डिया यांचा सुळसुळाट असतो आणि जंतांवर पथ्याची मात्रा चालत नाहीं. मग रक्ताची तपासणी, यकृत, मूत्रपिंड व स्वादुपिंड यांची. "कुत्र्याला तूप पचत नाहीं" असें आपण माणसांना उद्देशून तुच्छतेनें म्हणतों. निरोगी कुत्र्याला तूप पचतें. पण स्वादुपिंड सुजलें असेल, किंवा आंतड्यांतील रसवाहिन्या तुंबल्या असतील, तर ती म्हण शब्दशः खरी ठरते व स्निग्ध अन्न अगदीं कमी करावें लागतें. जर्मन शेफर्ड जातींत कधीं कधीं स्वादुपिंडाची पाचकरस करणारी ग्रंथिच झिजून जाते. कुत्रें अधाशासारखें खातें आणि वाळत जातें. तेथें कोणतेंही पथ्य एकटें पुरत नाहीं. पाचकरसाची पूड जन्मभर अन्नांत कालवून द्यावी लागते. या सर्वांतून जीं कुत्रीं उरतात त्यांच्यापैकीं निम्मीं किंवा त्याहूनही अधिक केवळ अन्न बदलल्यानें सुधारतात, असा अलीकडील अनुभव आहे. आणि सुधारणा व्हावयाची असेल तर ती बहुधा दोन आठवड्यांत दिसूं लागते. म्हणून स्टेरॉइडें किंवा प्रतिजैविकें यांच्याकडे धांवण्यापूर्वीं अन्नाची परीक्षा करावी, असें आतां मानतात.

ही परीक्षा म्हणजे काय? कुत्र्यानें पूर्वीं कधीं न खाल्लेलें एकच प्रथिन, आणि त्याच्या जोडीला एकच पिष्टमय पदार्थ. दुसरें कांहीं नाहीं. दुसरा मार्ग म्हणजे ज्यांतील प्रथिनांचे बारीक तुकडे करून तीं शरीराला ओळखूं येणार नाहींत अशीं केलीं आहेत तें तयार अन्न. आयरिश सेटर जातींतील कांहीं कुत्र्यांना गव्हांतील ग्लूटेन सोसत नाहीं हें विलायतेंतील संशोधनानें सिद्ध झालें आहे. तेव्हां तांदूळ येथें उपयोगीं पडतो. अडचण येते ती प्रथिनाची. परदेशी पुस्तकांत मासळी हें नवें प्रथिन म्हणून सुचविलेलें असतें. रोह्याच्या कुत्र्याला मासळी नवी कशी असेल? आईच्या दुधाखालोखाल त्यानें चाखला तो जवळाच. कोंबडी, अंडें, बकऱ्याचें मांस, दूध हींही थोडथोडीं त्याच्या तोंडांत गेलेलीं असतात. म्हणून येथें पुस्तकापेक्षां घरच्या माणसांची आठवण मोलाची: या कुत्र्यानें जन्मापासून काय खाल्लें नाहीं, तें आधीं आठवून काढावें लागतें. कोणाच्या घरीं तें पनीर निघतें, कोणाच्या घरीं सोयाबीन, आणि क्वचित् शुद्ध शाकाहारी घरांत चक्क मासळीच निघते.

दूध-भाकरी हें कुत्र्याचें आदर्श अन्न असें आपण लहानपणापासून समजतों. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधांतील साखर नीट पचत नाहीं, व जुनाट जुलाबांचें मूळ कधीं कधीं याच वाटींत सांपडतें; दह्या-ताकांत ती साखर कमी असल्यामुळें तें त्या मानानें सोसतें. कालवणांतील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. अलिबागचा पांढरा कांदा कितीही गोड असला तरी या बाबतींत तो कांदाच. सुक्या मासळींतील मीठही तसेंच जपण्यासारखें. आणि भात व उकडलेली कोंबडी हें दुखऱ्या पोटाचें पथ्य म्हणून दहा-पंधरा दिवस उत्तम असलें, तरी महिनोन्‌महिने त्यावर ठेवलेल्या कुत्र्याला चुना, जस्त, तांबें व कांहीं जीवनसत्त्वें कमी पडूं लागतात. हाडांच्या वाढीच्या वयांतल्या पिल्लाला तर विशेषच. काळी जीभ काय होती हें ज्यांनीं वर वाचलें त्यांना एका धान्यावर भिस्त ठेवण्याचा धोका वेगळा सांगावयास नको. तेव्हां घरचें पथ्य चालवावयाचें तर त्यांत काय मिसळावें हें पशुवैद्याकडून लिहून घ्यावें.

परंतु पथ्य मोडतें तें बहुधा याहून साध्या कारणानें. घरांत पांच माणसें. चौघें कटाक्षानें पाळतात, आणि पांचवें, बहुधा आजी किंवा शाळेंतून आलेलें मूल, एक बिस्किट टाकतें. त्या बिस्किटांत गहूं, साखर व दुधाची भुकटी. परीक्षा तेथेंच संपली, आणि कोणी सांगितलेंही नाहीं, कारण त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें टाकणाऱ्याला वाटलेलेंच नसतें. जुन्या भूतयज्ञाचाच हा आजचा अवशेष आहे, असें आमचें मत आहे. हात पुढें होतो तो देणाऱ्याच्या समाधानासाठीं. भाद्रपदांत पेणला तर याची परमावधि होते: गणपतींत मोदक आणि तळण, त्यापाठोपाठ पितृपक्षांत वडे व खीर, आणि दारांतल्या कुत्र्याच्या पुढें प्रत्येक घरचें पान.

या शेवटच्या अडचणीवर आम्हांस एक तोड सुचवाविशी वाटते. बलि अन्नाचा काढावयाचा असतो. भात हें अन्न आहेच, आणि श्राद्धाच्या घरीं भात शिजतोच. घरचें कुत्रें पथ्यावर असेल तर त्याचा घांस खीर-वड्यांचा न काढतां त्यांतल्याच साध्या भाताचा काढावा: मीठ न घातलेला, मऊ शिजविलेला, वेंदिदादकारांनीं सांगितल्याप्रमाणें निवविलेला. उरल्या दिवसांसाठीं वाटी एकच ठेवावी, ती घरांतील एकाच माणसाच्या स्वाधीन करावी, आणि स्वयंपाकघरांत वजनकांटा असेल तर भात त्यावर तोलून घालावा. दर आठवड्याला कुत्र्याचेंही वजन करावें. भिंतीवरच्या पंचांगांत त्या तारखेशेजारीं तो आकडा लिहिला, आणि शौच कसें झालें याचा एक शब्द लिहिला, म्हणजे पंधरा दिवसांनीं डॉक्टरपुढें ठेवावयास पुरें होतें.